सवतीची घागर

माझी सवत मी पाहिलेली नाही. मी लग्न होऊन सुरतेत आले त्याच्या आधीच ती गेली होती. तापाचं निमित्त झालं, एवढंच मला सांगण्यात आलं. एखाद्या बाईला एकदाही न पाहता इतकी वर्षं तिच्यावर जळत राहणं हे शहाणपणाचं लक्षण नाही, हे मला कळतं. कळून उपयोग काय? जिवंत सवत असती तर भांडता आलं असतं, अबोला धरता आला असता, तिच्या भाजीत मीठ जास्त पडलं तर शेजारी जाऊन सांगता आलं असतं. मेलेल्या बाईच्या हातून काही चुकतच नाही.

आम्ही कुंभार. मूळचे खानदेशातले, आता सुरतेतल्या डिंडोलीचे. लग्नात सासूने माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला चांदीचा एक छोटा टाक घातला. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरी येते तेव्हा पहिलीच्या नावाचा टाक तिने गळ्यात घालायचा, म्हणजे गेलेली रागावत नाही, अशी रीत आहे. तिने माझ्यावर रागावू नये याचा असा बंदोबस्त झाला. मी तिच्यावर रागावले तर काय करायचं, ते कुणी ठरवलं नव्हतं. मडकं थापटायला मी वाकले की तो टाक पुढे येऊन ओल्या मातीला लागायचा. मी तो पाठीवर टाकायचे आणि थोड्या वेळाने तो परत पुढे यायचा.

आमच्या धंद्यात चाक पुरुषाचं आणि थापी बाईची. पुरुष चाकावर जाडजूड, ओबडधोबड मडकं काढून देतो. ते जरा सुकलं की बाई एक हात आत घालून दगडाचा गोळा धरते आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडाच्या थापीने थापटत थापटत त्याचं पोट फुगवते. घागर गोल होते ती थापीने, पातळ होते ती थापीने आणि वाजते तीही थापीने. पूजा मात्र चाकाची होते. ते जाऊ द्या, तो राग वेगळा आहे.

सुरतेत कुंभार आमच्या आधीपासून होते. इथले गुजराती कुंभार रुंद तोंडाची माटली करायचे, नवरात्राला भोकाभोकांचे गरबे करायचे, लग्नाच्या मांडवात कोपऱ्याकोपऱ्याला रचायला रंगवलेली मडकी करायचे. लग्नाच्या आधी त्यांच्या बायका गाणी म्हणत कुंभाराच्या दारात येतात, चाकाला कुंकू लावतात आणि मडकी घेऊन जातात. हे अजून चालतं. पण खानदेशातून लूम चालवायला माणसं येऊन राहिली तेव्हा त्यांना अखाजीला लागणारी घागर इथे कुणी करत नव्हतं. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. तांबडी, लहान तोंडाची, तिच्यावर मातीचं छोटं भांडं आणि त्यावर डांगर, म्हणजे खरबूज. पितर त्या दिवशी पाण्याला येतात. रुंद तोंडाच्या माटल्यावर ते छोटं भांडं बसत नाही, सरळ आत पडतं. त्यामुळे माणसं गावाहून एस.टी.त मांडीवर घागर घेऊन यायची, आणि निम्म्या घागरी नवापूरच्या आसपासच फुटायच्या. हे जिने पाहिलं आणि नवऱ्याच्या मागे लागून इथे सुरतेत घागरी काढायला लावल्या, ती माझी सवत.

हा सगळा इतिहास मला पाठ आहे, कारण सासूने तो मला पोळ्या लाटता लाटता, माती मळता मळता, आणि मी तापाने निजले असतानाही ऐकवलेला आहे. पाळी सुटायच्या वेळेला सवत लूमच्या कारखान्यांच्या दारात टोपली घेऊन उभी राहायची म्हणे. कतारगामपर्यंत डोक्यावर घागरी घेऊन पायी जायची म्हणे. तेव्हा माती तळ्यातली मिळायची, नदीकाठचीही मिळायची, आणि तापी तर आमच्या खानदेशातूनच वाहत इथे येते. तर ही बाई माती कालवताना म्हणाली होती, "तापीना मांगे मांगे माती उनी, अन मातीना मांगे मांगे आपण उनूत." म्हणजे तापीच्या मागे माती आली आणि मातीच्या मागे आपण आलो.

डिंडोलीत आमच्या ओळखीच्या घरांत अखाजीला हे वाक्य कुणीतरी काढतंच. मग सगळे माना डोलावतात. वाक्य चांगलं आहे, मी नाही कुठे म्हणते? मी इतकी वर्षं विचार करते आहे आणि मला तसं एकही सुचलेलं नाही.

आता मी काय केलं ते मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. तळं बुजलं, त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि माती दुरून ट्रकने यायला लागली. तिच्यात खडेच खडे. ती वाळवून, कुटून, चाळून, भिजवून कामाची करायची पद्धत मी बसवली. घरोघरी फ्रिज आले तेव्हा सासू आणि नवरा कपाळाला हात लावून बसले होते. माटल्याला तोटी बसवून विकायचं माझ्या डोक्यातून निघालं. गिऱ्हाईक बायकांना वाकून पाणी काढायचा कंटाळा येतो, हे मला दिसत होतं. पहिल्याच उन्हाळ्यात एक बाई आणखी दोन मागायला आली, म्हणाली, "बेन, आवां नळवाळां माटलां बीजां बे आपो," तरी घरात कुणी शाबास म्हटलं नाही. थंडीत हायवेच्या कडेला उबाडियावाले बसतात, मडक्यात कंद आणि पापडी भरून, मडकं उलटं ठेवून भाजतात. त्यांना मडकी द्यायचं काम मी आणलं. मडकी भाजायच्या आमच्या आव्याचा धूर नव्या सोसायटीतल्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जायला लागला, तेव्हा त्यांच्याशी भांडायला मी गेले, आणि भांडण हरल्यावर गावाबाहेर एका वीटभट्टीवाल्याच्या जागेत आवा लावायची सोयही मीच केली. यातल्या कशाचंही वाक्य झालेलं नाही. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही.

पण खरं दुखणं माळ्यावर होतं. ती गेली ती अखाजीच्या तोंडावर. बाजारासाठी थापटलेल्या तिच्या घागरी अंगणात सुकत पडल्या होत्या. सुतक फिटल्यावर नवऱ्याने त्या भाजल्या आणि एकही विकली नाही. माळ्यावर एकावर एक रचून त्यांच्या उतरंडी लावून ठेवल्या. दर अखाजीला त्यातली एक खाली यायची. बाकी सगळ्या पितरांची मिळून एक घागर, ती माझ्या हातची. आणि हिची एकटीची वेगळी, वेगळ्या पाटावर, तिच्या हातची.

मला रीत कळत नाही असं नाही. सवाष्ण गेलेल्या बाईची पितृपक्षात नवमी करतात. ती मी दरवर्षी करते, तिच्या नावाने बाई जेवायला घालते, ओटी भरते. मग अखाजीला वेगळी घागर कशाला? मी हे एकदाच विचारलं. सासू म्हणाली, "तिना हातनी घागरना पानीनी चवच येगळी." पाणी महानगरपालिकेचं होतं. त्या दिवशीची पुरणपोळी मला गेली नाही.

नवरा खाली बसून ती घागर मांडीवर घ्यायचा. बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचा आणि कान लावून ऐकायचा. मग त्याच्या तोंडावर जे यायचं ते मी दर अखाजीला स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. माझी घागर तो कधी वाजवत नसे. उचलायचा आणि टेम्पोत ठेवायचा.

नाव ठेवायला जागा असती तर मी ठेवली असती. पण घागर खरोखर चांगली होती. हातात घेतली की हलकी, वाजवली की खणखणीत, आणि पाणी भरलं की सगळ्या अंगाने सारखी पाझरायची. माझ्या घागरी जाड. मी त्यांना मजबूत म्हणायचे. सुरतेच्या रस्त्यांवरून रिक्षात घालून न्यायची तर घागर मजबूतच हवी, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे आणि त्यांना ते पटायचं. मला स्वतःला पटायचं नाही.

अखाजी झाली की उन्हाळाभर तीच घागर पिण्याच्या पाण्याला लागायची. भर दुपारी आव्यावरून आले की मी तिच्यातलंच पाणी प्यायचे, आणि ते गार लागायचं, याचाही मला राग यायचा. पावसाळ्यात ती तुळशीपाशी जायची. अशी दरवर्षी माळ्यावरची एकेक कमी होत होती. दिवाळीला माळा झाडायच्या निमित्ताने मी वर चढून किती उरल्या ते बघून यायचे. एखादी मांजरामुळे पडून फुटली तर बरं, असंही मनात यायचं. पण आमच्याकडे मांजर नव्हतं.

पुढे सासू गेली. मुलगा हजिऱ्याला कंपनीत लागला. तो मातीला हात लावत नाही आणि घाईत असला की माझ्याशीही गुजरातीतच बोलतो. नवऱ्याचे गुडघे धरले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. विजेच्या चाकावर बसला की त्याचे हात अजून बरोबर चालतात, त्याला डोळे लागत नाहीत. पण माळ्याची शिडी त्याच्याने चढवत नाही, ती मीच चढते. त्यामुळे मागच्या अखाजीला मी खाली आणली ती शेवटची होती, हे घरात फक्त मला माहीत होतं.

ती खाली दिल्यावर मी पुन्हा वर गेले. उतरंडीच्या जागी धुळीत नुसते गोल उमटलेले होते. मी ते फडक्याने पुसले, खाली आले आणि माझ्यापुरता चहा केला, साखर जास्त घालून. संपली एकदाची, असं मला वाटलं. पुढच्या अखाजीपासून या घरात सगळ्या घागरी माझ्या.

वर्षभर ही मजा पुरली. मग होळी झाली, घागरींचं काम सुरू झालं, आणि माझ्या लक्षात आलं की आता तिच्या पाटावर माझी घागर बसणार आहे. नवरा ती मांडीवर घेणार, दोनदा वाजवणार, कान लावणार. आणि त्याच्या तोंडावर काहीच येणार नाही. तो मला बोलणारही नाही, नुसती खाली ठेवेल. ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. बाजारात हरले तर चालेल, पण तिच्या दिवशी, तिच्या पाटावर, तिच्या नवऱ्याच्या हातात माझी घागर हरलेली मला बघवली नसती. तिच्या नवऱ्याच्या, असं मी लिहिलं आहे खरं. माझ्या मनात तेव्हा तसंच आलं होतं.

मागच्या वर्षीची तिची घागर तुळशीपाशी होती. मी ती घासून धुतली आणि पहिल्यांदाच आत हात घालून नीट चाचपली. आतून गोळ्याच्या खुणा असतात, छोटे छोटे खळगे. तिचे खळगे एकमेकांना खेटून होते, बोट ठेवायला कोरी जागा नाही. आणि ते सगळे उलट्या बाजूला कललेले होते. माझ्या घागरीत ते उजवीकडे झुकतात, तिच्यात डावीकडे. ती डावरी होती. पायी कुठवर जायची, काय बोलायची, हे सगळं मला ऐकवलं, आणि ती डावरी होती हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी हात दाखवून अवलक्षण केलं. मला वाटलं, हेच तिचं गुपित. मी थापी डाव्या हातात घेतली आणि नवऱ्याने काढून दिलेली चांगली मडकी एकामागून एक बिघडवली. एकाच्या पोटाला भोक पडलं, एकाचं तोंड वाकडं झालं, एक तर बसलंच. नवरा चाकावरून म्हणाला, "काय करी ऱ्हायनी तू?"

"उजवा हात दुखस," मी म्हणाले.

"मंग आज ऱ्हाऊ दे."

त्याने ते मायेने म्हटलं, आणि मला आणखीच राग आला. मी बिघडलेली माती परत भिजत घातली आणि तिची घागर पुन्हा मांडीवर घेऊन बसले. हाताने काही नव्हतं झालेलं. खळगे इतके दाट होते ते फेऱ्यांमुळे. सीझनला आम्ही घागर दोनदा थापटतो आणि पुढची घेतो. हिने थापटली होती, ओल्या गोणपाटाखाली ठेवली होती, पुन्हा थापटली होती, पुन्हा ठेवली होती. किती फेऱ्या, ते खळग्यांवरून सांगता येत नव्हतं. एवढा वेळ ती कुठून काढायची? तिला मूल नव्हतं, मी मनात म्हणाले, आणि मग तेवढं मागे घेतलं.

मी थापी उजव्या हातात घेतली. एकच घागर बाजूला ठेवली आणि बाजाराचं काम आटोपलं की तिच्याशी बसायचे. थापटायची, झाकायची, उठून भाकरी करायची, पुन्हा येऊन थापटायची. शेवटच्या फेरीला तिचं अंग इतकं पातळ झालं की बाहेरची थापी आतल्या हाताला कळायला लागली. तेव्हा मला खरंच भीती वाटली. टाक मी त्या वेळी ब्लाउजमध्ये खोचला होता. आणि सगळा वेळ मी तिच्याशी भांडत होते, तोंडाने, मोठ्याने. बघ म्हटलं, बघ. नळाची माटली तुला सुचली होती का?

वीटभट्टीवाल्याच्या जागेत आवा लावला तेव्हा ती घागर मी मधोमध ठेवली, आच सारखी लागावी म्हणून. आवा थंड झाल्यावर इतर कुणाच्या आधी मी ती काढली. तडा नव्हता. मी बोटाच्या पेराने वाजवली. मग कुणी बघत नाही ना हे पाहून कान लावून पुन्हा वाजवली. तसाच खणखणीत आवाज आला आणि माझे डोळे भरून आले.

अखाजीच्या दिवशी सकाळी मी उंबरठा पुजला, एकेका पितराचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढलं. पुरण शिजवलं, रस काढला, सांजोऱ्या तळल्या. पितरांची घागर भरून ठेवली. मग तिच्या नावाचा पाट मांडला आणि माझी घागर आणून नवऱ्याच्या मांडीवर दिली. त्याने काही विचारलं नाही. दोनदा वाजवली आणि कान लावला.

ते त्याच्या तोंडावर आलं. इतकी वर्षं दारातून बघितलेलं, अगदी तेच. मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. आनंद झाला, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

"तिनाच हात," तो म्हणाला आणि त्याने मान वर माळ्याकडे केली. "आजून शेतीस का वर?"

गप्प बसले असते तर तो दिवस सुखाने गेला असता. पण मला गप्प बसता येत नाही, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे प्रसिद्ध आहे.

"वर काही नही. मांगला सालले सरन्यात. ही मनी शे," मी म्हणाले.

त्याने मोतीबिंदूचे डोळे माझ्याकडे लावले. ती माझ्या हातची आहे हे त्याला खरं वाटलं नव्हतं.

"हात घालीसन देखा," मी म्हणाले.

त्याने घागरीत हात घातला. खळग्यांवरून बोटं फिरवत गेला, एक पूर्ण फेरा, मग दुसरा. खळगे उजवीकडे कललेले होते. मला वाटलं, चुकले, आता हा दिवस मी नासवला. मग त्याने हात बाहेर काढला, घागर उचलली आणि पाटावर न ठेवता आपल्या पलीकडे, पाण्याच्या तिवईपाशी ठेवली.

"ही आपले ऱ्हाऊ दे, पेवाले," तो म्हणाला. "तिले त्या इकाना घागरीसमाईन एक लई ये."

विकायच्या घागरींतली एक तिला. माझी आपल्याला. लग्न झाल्यापासून मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं, आणि ते भर सणाच्या दिवशी, देवासमोर, मला न मागता मिळालं होतं. मी अंगणात गेले. टेम्पोची वाट बघत घागरी रांगेत उभ्या होत्या. त्यातली एक उचलली. जाड, जड, माझीच. ती घेऊन मी दोन पावलं आले आणि थांबले.

ही तिला द्यायची? जिने आयुष्यात असली घागर थापटली नाही, तिच्यापुढे हे ठेवायचं? पितर पाण्याला येतात म्हणतात. ती येणार, ही घागर बघणार, आणि म्हणणार की माझ्यामागे आलेली बाई इतक्या वर्षांत एवढंच शिकली. नवऱ्याला काय, त्याने सांगितलं आणि तो मोकळा. तिला तोंड दाखवायचं होतं मला.

मी ती जाड घागर परत रांगेत ठेवली. आत आले, तिवईपाशी गेले, माझी घागर उचलली आणि तिच्या पाटावर ठेवली.

"ही तिनीच," मी म्हणाले. "तिनासाठेच थापटी मी."

"मंग आपले?"

"आपले दुसरी करसू."

"अशी व्हई का आखो?"

"हिनाथीन चांगली व्हई," मी म्हणाले, आणि व्हायची नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

घागर मी स्वतः भरली. वर छोटं भांडं ठेवलं, त्यावर डांगर ठेवलं, कुंकू लावलं. दुपारपर्यंत ती सगळ्या अंगाने सारखी पाझरायला लागली, कुठे एक जागा कोरडी नव्हती. नवरा जेवून झोपला होता. मी घागरीसमोर भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या पोटात नेहमीसारखंच दुखत होतं. जन्मात एकदा माझ्या हातून अशी घागर झाली, आणि तिच्यातलं पहिलं पाणी त्या बाईने प्यायलं.